आठ लाखांच्या आतली बंदूक

सात लाख त्र्याण्णव हजार चारशे अकरा.

*

ट्रकचा जुना टायर, रिमसकट. फुकट. ज्याला हवा त्याने उचलून न्यावा.

*

मेपल रिज वृद्धाश्रमाच्या दारावरची पाटी: आत आणू नये – मेणबत्त्या, इस्त्री, पाळीव साप, घरी केलेली लोणची, शस्त्रे. (‘पाळीव साप’ कुणामुळे लिहावं लागलं ते आश्रमात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी सांगत नाही.)

*

पांढरे सुती हातमोजे, बारा जोड.

*

एमिल हरिन्कोने चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात एकच हरीण मारलं. तेही गाडीने, तेही गाडी उभी असताना. हरीणच येऊन आदळलं.

*

रकाना क्रमांक सात: अपंगत्व कायमस्वरूपी आहे काय? (फक्त हो किंवा नाही.)

*

बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीतून झिरपणारं पाणी नारिंगी असतं. त्यात मासा जगत नाही. रंग मात्र कशालाही लागतो आणि जात नाही.

*

तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात वासिल हरिन्को, वय वर्षं त्र्याण्णव, याने जेवण बंद केलं. रागावून नव्हे. रागावून बंद केलं असतं तर कुणी काळजी केली नसती. रागावणं हा त्याचा व्यायाम होता. त्याला भूकच लागेना. छातीत चाळीस वर्षांच्या खाणकामाचा कोळसा, नाकात ऑक्सिजनची नळी आणि पुढ्यात वाटीभर सफरचंदाचा लगदा. डॉक्टर बाहेर पॅसेजमध्ये एमिलला म्हणाले, "तुमचे वडील नाताळ बघतील असं मला वाटत नाही."

"आमचा नाताळ सात जानेवारीला असतो," एमिल म्हणाला. जुन्या पंथाचे लोक. त्यांचं कॅलेंडर वेगळं.

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "मग तर नाहीच."

एमिल आत गेला. म्हातारा छताकडे बघत पडला होता.

"सोमवारी मी जाणार."

"कुठे, न्यान्यो?" बापाला ते न्यान्यो म्हणत.

म्हाताऱ्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात सोमवार म्हणजे एकच सोमवार. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरचा. हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी शाळा बंद, बँकेत एकच बाई, आणि मरायला टेकलेली माणसंसुद्धा मंगळवारपर्यंत कळ काढतात, कारण खांदा द्यायला कुणी मिळत नाही.

"माझी बंदूक आण," म्हातारा म्हणाला. "एक गोळी. मग काय व्हायचं ते होऊ दे. तू फक्त गाडी चालव."

यातला ‘तू फक्त’ एमिलला बरोबर जिथे लागायचा तिथे लागला. ती जागा जुनी होती. बाराव्या वर्षी गावातल्या प्रत्येक पोराला बाप जंगलात नेतो आणि एक तरी गोळी झाडू देतो. वासिलने एमिलला नेलं, पण बंदुकीला हात लावू दिला नाही. "तुझे हात कागदाचे आहेत," तो म्हणाला, आणि थर्मास त्याच्याकडे दिला. एमिलने पुढची सहा वर्षं थर्मास वाहिला. नंतर त्याने कौंटीच्या घरपट्टी कार्यालयात अडतीस वर्षं कागदाचंच काम केलं, तेव्हा बापाचं भविष्य खरं ठरलं असंच म्हणायचं. बंदूक पुसायची असली तरी म्हातारा दार लावून घ्यायचा. मेहुणा चेट बोरोस्की तिला ‘सासऱ्यांची दुसरी बायको’ म्हणे. पहिलीला निदान लोकांसमोर यायची परवानगी होती.

पण आता म्हातारा काहीतरी मागत होता. एमिलकडे. आयुष्यात पहिल्यांदा.

"आणतो," एमिल म्हणाला.

*

बंदूक म्हाताऱ्याच्या रिकाम्या घरात, कपाटात, कोटांच्या मागे होती. १९०३ सालच्या नमुन्याची लष्करी रायफल. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी कारखान्यात बनलेली आणि वासिलने १९६२ साली सरकारी विक्रीतून टपालाने मागवलेली. एमिलने ती गोधडीत गुंडाळून घरी आणली आणि निघालोच आहोत तर तेलपाणी हवंय का ते विचारावं म्हणून शेजारी ड्वेन फेटरमनकडे गेला. इथेच चूक झाली. माणसाने शेजाऱ्याकडे साखर मागावी, मत मागू नये.

ड्वेन हा शाळेतला निवृत्त सुतारकामाचा मास्तर. तळघरात एकतीस जुन्या लष्करी बंदुका. एकीतूनही त्याने कधी गोळी झाडलेली नव्हती. तळघराची आर्द्रता त्याला बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्की ठाऊक असे. त्याने हातमोजे चढवले, दिवा जवळ ओढला आणि गोधडी उघडली.

"अरे देवा! घासलेली नाही."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"दस्त्याला कुणी हात लावलेला नाही, एमिल. हा शिक्का बघ. तपासनिसाची अक्षरं, चौकटीत. शंभर वर्षं झाली, कडा अजून बोटाला लागतात. लोक काय करतात माहितीय? वार्निश लावतात. बापाच्या बंदुकीला वार्निश! असल्या माणसाला मी अंगणात उभा करत नाही."

मग तो पुढे सरकला, नळीच्या मुळाशी कोरलेला आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि झोपलेलं कुत्रं मांडीवरून उतरवावं तशी ती बंदूक टेबलावर ठेवली.

"सात लाख त्र्याण्णव हजार. आठ लाखांच्या आतली आहे."

"मग?"

"मग चालवायची नाही. बस्स."

ड्वेनने समजावलं ते असं. त्या काळी पोलाद तापवताना भट्टीवरचा माणूस नुसत्या डोळ्याने अंदाज घ्यायचा. लाल किती लाल झालंय, यावर. पण उन्हाच्या दिवशी लाल रंग फिका दिसतो. म्हणून ऊन असलं की जास्त तापायचं आणि पोलाद जळून काचेसारखं व्हायचं. काही बंदुका फुटल्या, तेव्हा पद्धत बदलली. ती आठ लाखांच्या पुढे.

"आतल्या सगळ्या फुटतात?"

"कुठे! बहुतेक चांगल्या. कोणती चांगली, ते बघून कळत नाही. त्या दिवशी ऊन होतं की ढग, ते तुला माहीत आहे का?"

"न्यान्योने पन्नास वर्षं चालवली."

"म्हणजे पन्नास वर्षं फुटली नाही. एवढंच सिद्ध होतं."

"आणि फुटली तर?"

ड्वेनने स्वतःच्या चेहऱ्यावर, उजव्या डोळ्यापासून कानापर्यंत एक रेघ ओढून दाखवली. चाळीस वर्षं पोरांना करवत शिकवल्यामुळे त्याच्या उजव्या हाताला साडेतीनच बोटं होती. ज्या बोटाने त्याने रेघ ओढली ते अर्धं होतं. धोक्याच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा मानत.

"काचेत ठेव," तो म्हणाला. "वर्षातून एकदा तेल. ही माणसापेक्षा जास्त जगेल."

*

त्या रविवारी जेवायला चेट होता. एमिलच्या बायकोने, लोरेटाने, हलुपकी केली होती. कोबीच्या पानात गुंडाळलेलं खिमा-भाताचं सारण तोंडात असतानाच चेटने निकाल दिला.

"चालली ना आजवर? मग चालेल. तो फेटरमन बंदुका पाळतो, मांजरं पाळावीत तसा. बंदूक ही झाडायची वस्तू आहे."

"फुटली तर चेहरा जाईल रे."

"एमिल, ते त्र्याण्णव वर्षांचे आहेत. डॉक्टरने नाताळ नाही म्हणून सांगितलंय." चेटने काटा खाली ठेवला. "मी वाईट अर्थाने म्हणत नाही. पण फुटली तर असं काय मोठं नुकसान?"

प्रश्न इतका रास्त होता की त्याला उत्तर देणं असभ्यपणाचं झालं असतं.

"उघड्या शवपेटीत ठेवावं लागतं," एमिल शेवटी म्हणाला. "फादर बंद पेटीला तयार होत नाहीत."

"तुम्ही दोघं जेवा बघू," लोरेटा म्हणाली. "एवढा काथ्याकूट कशाला? चेटची बंदूक द्या त्यांना. त्यांना आता समोरचं माणूस ओळखू येत नाही, बंदूक काय ओळखणार आहेत?"

बायकांचे उपाय सोपे असतात आणि म्हणूनच पुरुष त्यांचा वापर शहाणपणाने न करता घाईने करतात. बुधवारी दुपारी एमिलने बापाला चाकाच्या खुर्चीत बसवून ‘हवा खायला’ बाहेर काढलं. आश्रमाच्या आवारात शस्त्र चालत नाही, म्हणून चेट गाडी घेऊन रस्त्यापलीकडे थांबला होता. रस्त्यापलीकडे आवार होतं ते प्रेतसंस्कार करणाऱ्या दुकानाचं. तिथे जागा नेहमी मोकळी असते.

चेटने घोंगडीतली बंदूक म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्याने पाहिलंसुद्धा नाही. हात आत घातला, अंगठा दस्त्यावरून फिरवला.

"ही चेटची."

"नाही हो, न्यान्यो, तुमचीच–"

"चेटच्या हातासारखी घामट आहे. एमिल, मी मरतोय. मूर्ख झालेलो नाही."

तेवढ्यात दुकानाचा मालक काळ्या कोटात बाहेर आला. खुर्ची, ऑक्सिजनचं नळकांडं आणि तिघांची तोंडं बघून त्याने हात जोडल्यासारखे केले. "मी काही मदत करू शकतो का?"

"अजून नाही," वासिल म्हणाला.

*

दुसरा माणूस असता तर इथे गप्प बसला असता. पण एमिल अडतीस वर्षं कार्यालयात होता, आणि कार्यालयातल्या माणसाला शंका आली की तो ती लेखी विचारतो. त्याने गावच्या शिकारी क्लबला पत्र टाकलं: ‘आठ लाखांच्या आतली १९०३ची रायफल आपल्या मैदानावर चालवण्यास हरकत आहे काय?’

गेल्या साठ वर्षांत क्लबला असं कुणी विचारलं नव्हतं. लोक आपले यायचे, झाडायचे, जायचे. आता विचारलं गेलं म्हणून बैठक बसली, आणि बैठक बसली म्हणून ठराव झाला. आठवड्याभरात फलकावर कागद लागला: ‘एमिल हरिन्को यांच्या बंदुकीस प्रवेश नाही.’ खाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘एमिलला आहे.’

मग न्हाव्याकडे, टपालात, चर्चच्या तळघरात पिरोहीचं, म्हणजे बटाट्याच्या करंज्यांचं, पीठ लाटणाऱ्या बायकांत, सगळीकडे एकच विषय. माणसं एमिलला रस्त्यात अडवून सल्ला देत. कमी दारूचं काडतूस घाल. चष्मा लावून झाड. डाव्या खांद्यावरून झाड. म्हाताऱ्यालाच झाडू दे आणि तू लांब उभा राहा. हा सल्ला देताना सगळे आवाज खाली आणत, जणू अशी कल्पना त्यांच्या एकट्याच्याच डोक्यात आली असावी.

दुसरा घोळ परवान्याचा. चालता न येणाऱ्या माणसाला गाडीत बसून शिकार करायला वेगळा परवाना लागतो. अर्जावर म्हाताऱ्याची सही हवी होती.

"‘अपंग’ असं लिहिलंय," वासिल म्हणाला.

"नुसता शब्द आहे हो."

"मी अपंग नाही. मी म्हातारा आहे. त्याचा रकाना कुठाय?"

"तसा रकाना नसतो, न्यान्यो."

"मग अडतीस वर्षं तिथे बसून काय केलंस?"

दोन दिवसांनी त्याने सही केली, ती कागदाकडे न बघता. पुढे डॉक्टर अडले. रकाना सात. कायमस्वरूपी, हो किंवा नाही. डॉक्टर तरुण आणि प्रामाणिक होते. अशा जोडीपासून देवाने सरकारी अर्जाला वाचवावं. "कायमस्वरूपी म्हणजे किती दिवस धरायचं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे... तीन आठवड्यांना कायमस्वरूपी म्हणता येईल का?"

"शेवटपर्यंत टिकलं की झालं," एमिल म्हणाला. हे वाक्य तो किती शांतपणे बोलला ते त्याला गाडीत बसल्यावर लक्षात आलं, आणि त्याने काही वेळ किल्ली फिरवली नाही.

आश्रमाच्या संचालकबाईंनी सोमवारी सकाळी आठ ते बारा अशी रजा दिली. कारणाच्या जागी एमिलने ‘कौटुंबिक भोजन’ लिहिलं. त्याच्या नोकरीतल्या अडतीस वर्षांत त्याने खोटी नोंद केली नव्हती.

*

टायरची कल्पना चेटची. अशा संशयित बंदुकीची परीक्षा घ्यायची रीतच आहे ती: बंदूक टायरमध्ये आवळून बांधायची, चापाला लांब दोरी, माणसं आडोशाला. फुटली तर टायर मरतो.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी ते तिघे जुन्या उघड्या खाणीच्या खड्ड्यावर गेले. तिघे, कारण ड्वेनही आला होता. "मला हे बघवणार नाही," असं तो गाडीत बसताना म्हणाला आणि वाटभर म्हणत राहिला. दोरी लोरेटाची, कपडे वाळत घालायची, प्लास्टिकची. टायर उभा केला, बंदूक बांधली, पन्नास फूट मागे चेटच्या ट्रकआड तिघे बसले.

"ओढ," चेट म्हणाला.

एमिलने ओढली. दोरी ताणली. आणखी ताणली. प्लास्टिकची दोरी हा एक अत्यंत सहनशील प्रकार आहे. ती लांबत गेली आणि काहीच झालं नाही.

"चाप अडकलाय," चेट म्हणाला. "जा, बघून ये."

"तू जा."

"बंदूक कुणाच्या बापाची आहे?"

एमिल दोरी हातात धरून ट्रकच्या बाहेर आला, चार पावलं गेला, त्याचा पाय घसरला आणि तो चिखलात बसला. बसताना दोरी ओढली गेली.

आवाज खड्ड्याभोवती तीनदा फिरला. बंदूक फुटली नाही. पण झटक्याने टायर हलला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि उतारावरून गडगडत निघाला. बंदूक त्यात होतीच. पुढे, मागे, वर, खाली. ड्वेनच्या तोंडून बाळंतघरात ऐकू यावा तसा एक आवाज निघाला. टायर खड्ड्याच्या तळाशी नारिंगी पाण्यात गेला, आडवा पडला आणि हळूहळू बुडाला.

ज्याला बघवणार नव्हतं तो ड्वेनच सगळ्यात आधी पाण्यात उतरला, चर्चला जायच्या पँटसकट, हातमोज्यांसकट. छातीभर पाण्यातून त्याने बंदूक वर धरली. शंभर वर्षं कुणी न घासलेला दस्ता गाजराच्या रंगाचा झाला होता. शिक्क्याच्या चौकटीत गाळ बसला होता. ड्वेन काठावर बसला, ओल्या हातमोज्याने तो गाळ टिपू लागला, आणि रडला. चेट पलीकडे बघत सँडविच खात होता.

"निदान फुटली तर नाही," एमिल म्हणाला.

"एक गोळी, एमिल." ड्वेनचे दात वाजत होते. "एका गोळीने काय सिद्ध होतं?"

हे वाक्य त्याने म्हणायला नको होतं.

एमिलने त्या रात्री बंदूक उकळत्या पाण्याने धुतली, तेल दिलं आणि वही काढली. रविवारी चर्च चुकवून तो चेटला घेऊन पुन्हा खड्ड्यावर गेला. या वेळी टायर आडवा, चार खुंट्या ठोकून, आणि दोरी सुतळीची.

*गोळी २. फुटली नाही.*

*गोळी ३. फुटली नाही. चेट म्हणतो पुरे.*

*गोळी ७. फुटली नाही. चेट ट्रकमध्ये झोपला.*

*गोळी ११. फुटली नाही. पण दहापर्यंत न फुटलेली अकराव्याला फुटणार नाही असं थोडंच आहे?*

*गोळी २०. फुटली नाही. चेट गेला. उद्या त्याला शिकार आहे.*

वीस गोळ्यांनंतर त्याला जेवढं कळत होतं तेवढंच पहिल्या गोळीआधीही कळत होतं. संध्याकाळी कुंपणापाशी ड्वेन भेटला. त्याला पडसं झालं होतं. "वीस झाल्या? ठीक. पण आज हवा ऊबदार होती. उद्या बर्फाची थंडी सांगितलीय." त्याने नाक पुसलं. "थंडीत काच लवकर तडकते."

*

सोमवारी पहाटे बादलीतलं पाणी दगड झालं होतं. बापाला आठ वाजता घ्यायचं होतं. एमिल पावणेसातलाच खड्ड्यावर पोचला. एकच गोळी, थंडीतली, म्हणजे मन निर्धास्त होईल, असा विचार.

खुंट्या जमिनीत गोठल्या होत्या. टायरवर बर्फाचा थर. सुतळी ओढताच तुटली. जोडली, पुन्हा तुटली. ट्रक नाही, आडोसा नाही, चेट नाही. आजूबाजूच्या डोंगरात उजाडल्याबरोबर गोळ्यांचे आवाज सुरू झाले होते. एक इथे, दोन तिथे. गावातली सगळी माणसं आपापल्या जागी होती, आणि एमिल हरिन्को एका टायरसमोर सुतळीचा तुकडा घेऊन उभा होता.

त्याने बंदूक सोडवली. इकडेतिकडे पाहिलं. आणि खांद्याला लावली.

दस्ता थंड होता. गाल टेकवला तर त्याला बापाच्या गालाची जागा सापडली; तिथे लाकूड किंचित खोलगट झालं होतं. पलीकडच्या मातीच्या भिंतीत त्याने एक पांढरा दगड धरला. फुटली तर काय होईल, हे त्याला ड्वेनच्या अर्ध्या बोटापासून पाठ होतं. त्याने चाप ओढला.

खांद्याला धक्का बसला. दगड नाहीसा झाला.

एमिल हसला. चौसष्ट वर्षांचा माणूस एकटाच खड्ड्यात उभा राहून मोठ्याने हसला. कागदाचे हात! त्याने दुसरा दगड शोधला. मग तिसरा. वहीत नोंद करायची तो विसरला. हे त्याच्या हातून आयुष्यात प्रथमच घडलं. सहा गोळ्या झाडून झाल्या तेव्हा ऊन खड्ड्याच्या काठावर आलं होतं. घड्याळात आठ वाजून अठरा मिनिटं झाली होती.

तो आश्रमात पोचला आठ चाळीसला. मागच्या सीटवर घोंगडी, टर्कीची सँडविचेस, थर्मास.

दारातच नर्स ग्लेनिस उभी होती. तिने त्याचा हात धरला, आणि तेव्हाच त्याला कळलं, कारण एरवी ती कुणाचा हात धरणारी बाई नव्हती.

"साडेआठला गेले," ती म्हणाली. "पहाटे पाचपासून तयार होते. तो शिकारीचा नारिंगी कोट घातला, दरवर्षीचा साधा परवाना पाठीला टाचून घेतला माझ्याकडून. आता पाठीला लावायचा कायदा नाही म्हटलं, तर म्हणाले, तुला काय कळतंय. इथे दारात खुर्ची लावून घेतली. आवाज ऐकत होते. प्रत्येक आवाजाला मला सांगायचे, ही अमक्याची, ही तमक्याची."

"त्रास झाला का?"

"नाही हो. चांगले होते. मग खाणीकडून एक आवाज आला. ते एकदम म्हणाले, ‘ही माझी.’ म्हणाले, ‘एमिल चालवतोय.’ मला वाटलं खूश होतील. पण ते खुर्चीतून उठायलाच लागले. नळी ओढून काढली. ‘त्याला सांग, ठेव म्हणावं खाली. हात लावू नको म्हणावं.’ तुम्हाला फोन केला मी. लागला नाही."

"खड्ड्यात लागत नाही."

"दुसरा आवाज आला, तिसरा आला. प्रत्येक वेळी उठायचे. दोघींनी धरलं. काही केल्या ऐकेनात."

एमिल गाडीत जाऊन बसला. काच खाली केली, थर्मास उघडला आणि परत बंद केला. शेवटच्या श्वासापर्यंत, त्याच्या मनात आलं. शेवटच्या श्वासापर्यंत मला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. रस्त्यापलीकडून दुकानाचा मालक काळ्या कोटात बाहेर आला, पण या वेळी त्याने काही विचारलं नाही.

*

मंगळवारी खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळाली. पेटी उघडी होती, चेहरा शाबूत. फादर समाधानी दिसले. जेवणाला हलुपकी होती आणि जो येई तो एमिलचा हात हातात घेऊन आधी "फार चांगला माणूस" म्हणे आणि मग जरा वाकून, "मग काय, चालते का?"

"चालते," एमिल म्हणे.

बुधवारच्या टपालात गाडीतून शिकार करण्याचा परवाना आला. वासिल हरिन्को. अपंगत्व: कायमस्वरूपी. ड्वेनने काचेचं कपाट स्वतः बनवून देऊ केलं, चेटने बंदूक विकत मागितली. एमिलने दोघांनाही नाही म्हटलं. बंदूक त्याने जिन्याखाली ठेवली, झाडूशेजारी. बापाला जी त्याच्या हातात पाहवली नाही, ती त्याला आता काचेतही नको होती आणि खांद्यालाही.

*

१९६२च्या ऑगस्टमध्ये, बंदूक आली त्याच आठवड्यात, गावात बंदुका दुरुस्त करणाऱ्या आंद्रे हुडाकने तिचा आकडा वाचून वासिलला सांगितलं होतं की ही आठ लाखांच्या आतली आहे, कधीतरी झाडणाऱ्याच्या तोंडावर फुटेल. दुसरी घेण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून मी वापरीन, असं वासिल म्हणाला. मग त्याने विचारलं, पोराचं काय. एमिल तेव्हा आठ वर्षांचा होता. हुडाक म्हणाला, त्याला हात लावू देऊ नकोस.